बाजूला ठेवलेली पानं

सकाळी चहाबरोबर पेपर उघडला आणि पहिल्याच पानावर गणपती. पानभर पसरलेला. एका हातात मोदक, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि खाली हप्त्यांची सोय. श्रावण अजून सरायचाय, पण जाहिरातवाल्यांचा भाद्रपद केव्हाच लागला. मी ते पान वाचलं नाही. अलगद सुटं केलं, नीट घडी घातली आणि बाजूला ठेवलं. ठेवल्यावर लक्षात आलं, की हे करायचं आता काही कारण उरलेलं नाही. आमच्या घरात आता कुणी पेपर कापत नाही.

खरं म्हणजे आमच्या घरात गणपतीही बसत नाही. आजोबांनी बुद्धाची वाट धरली तेव्हाच देव्हारा उतरला. पुढच्या खोलीत बुद्धाचं चित्र आहे, शेजारी ज्यांच्या जयंतीला आम्ही हार घालतो त्यांचा फोटो आहे, आणि तेवढ्यावर आमचं भागतं. तरीही पेपरातला गणपती पायाखाली येऊ नये म्हणून माझा हात पुढे होतो. त्याला कारण दोन बायका. एक माझी आते आणि दुसरी शेजारची शुभावैनी. आणि त्या दोघींनी कागदी पिशव्या केल्या तो एक पावसाळा.

आते म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, सगळी उमेद अंगणवाडीतल्या पोरांवर खर्च केली. निवृत्त झाली आणि माझ्याकडे राहायला आली. मी दिवसभर कचेरीत. आते घरात एकटी, आणि रिकाम्या हाताने बसलेली आते फार धोकादायक. डबे पुन्हा पुन्हा घासणार, माझी कपाटं लावणार, मग मला आठवडाभर माझ्याच वस्तू सापडणार नाहीत. ‘बाय, तुझ्या घरात कामच नाय काय,’ ही तिची कायमची तक्रार.

शुभावैनी आमच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत भाड्याने राहायची. माहेर नाटे गावचं, समुद्राकाठचं, त्यामुळे आवाज वाऱ्याच्या वरचा. ती स्वयंपाकघरात हळू बोलली तरी आमच्या पुढच्या खोलीत ऐकू यायचं. नवरा रिक्षा चालवायचा. माणूस चांगला, पण रत्नागिरीत रिक्षा इतक्या झाल्या, की स्टँडवर नंबर लागेपर्यंत त्याची एक झोप व्हायची. शुभावैनी दुपारी आतेकडे यायची ती चहाच्या निमित्ताने. दोघींच्या वयात पुष्कळ अंतर. पण एकीला ऐकायला माणूस हवं होतं आणि दुसरीला बोलायला, हे जमून गेलं.

त्या उन्हाळ्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि बाजारात नुसती धांदल उडाली. मासे घ्यायला गेलेल्या बायका डबे घेऊन निघाल्या, भाजीवाले ‘पिशवी आणलीत काय’ असं आधी विचारायला लागले, आणि ज्या विसरून आल्या त्या साडीच्या पदरात कैऱ्या घेऊन रिक्षात बसल्या. मला ते दृश्य फार आवडलं होतं. वाटलं, चला, एक वाईट सवय सुटली. किती सहज वाटलं होतं ते.

आतेला मात्र त्यात काम दिसलं. पोरांना कागदाच्या होड्या आणि टोप्या शिकवण्यात तिची हयात गेली होती. तिने जुना पेपर घेतला, घडी घातली, चमच्याच्या पाठीने दाबली, कणकेची खळ लावली आणि एक पिशवी शुभावैनीपुढे उभी केली. खरोखर उभी राहिली ती. तळ चौकोनी, तोंड दुमडलेलं. शुभावैनीने त्यात नारळ टाकून उचलून बघितली, पहिल्याच नारळाला फाटली, तरी तिचे डोळे चमकले. ‘आते, दुहेरी कागद लावूया,’ म्हणाली, ‘एकच नारळ राहू दे, पण राहू दे.’ आणि धंदा सुरू झाला.

पहिल्याच दिवशीची एक गोष्ट मी विसरलेले नाही. रद्दीचा गठ्ठा सोडला, तो एप्रिलचा होता. जयंतीच्या दिवसांतली पानं, त्यामुळे पानोपानी तो फोटो, निळ्या पट्ट्यांतले अभिवादनाचे मजकूर. आते कात्री शोधायला आत गेली होती. ती बाहेर आली तेव्हा शुभावैनीने ती सगळी पानं निवडून, घडी करून, पाटावर ठेवली होती. कुणी सांगितलं नव्हतं. आतेने पाटाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

‘ही कशाला काढलंस गो?’

‘मगे? पिशवी करायची नि लोक त्यात कांदे भरनार. नंतर गटारात टाकनार. तुमाला कसं वाटंल?’

 पुढचे पेपर बघताना एका पानावर लक्ष्मी निघाली, कुठल्याशा सोन्याच्या दुकानाची. आतेने ते पान काढलं आणि पाटावर दुसऱ्या कडेला ठेवलं. तेव्हापासून आमच्याकडे दोन गठ्ठे झाले. एक आतेचा, एक शुभावैनीचा. वर्षाच्या शेवटी आतेचा गठ्ठा पत्र्याच्या ट्रंकेत जायचा, आणि शुभावैनीचा विसर्जनाला मांडवीच्या किनाऱ्यावर नेऊन निर्माल्याबरोबर पाण्यात सोडायचा, असं ठरलं. मी दोघींची थट्टा करायचे. म्हणायचे, पिशव्यांपेक्षा तुमची बाजूला ठेवलेली पानंच जास्त होणार. पुढे ते खरं झालं तेव्हा मला हसू आलं नाही.

उन्हाळा बरा गेला. औषधवाला छोट्या पिशव्या न्यायचा, शेवेचं दुकान न्यायचं. छापील कागदात खायचं देऊ नये असं आता सांगतात, आणि ते बरोबरच आहे. तेव्हा आम्हाला ते ठाऊक नव्हतं. घरभर खळीचा आंबूस वास. खुर्चीवर बसायला जावं तर खुर्चीवर पिशव्या वाळत घातलेल्या. माझ्या कचेरीच्या साडीला एकदा मागे ‘हवामान अंदाज’ चिकटला होता आणि तो घेऊन मी सगळ्या साहेबांपुढून फिरून आले. शुभावैनी त्यावर किती दिवस हसली असेल!

पाऊस लागला आणि कसोटी सुरू झाली. कोकणातल्या पावसात माणसं वाळत नाहीत, तिथे खळ कुठली वाळायला? आज चिकटवलेली पिशवी उद्या हात लावला की तोंड उघडायची. तळ सुटायचे. खळीच्या वासाने झुरळं यायची. आतेने खळीत तुरटी घालून बघितली. शुभावैनीने इस्त्री काढली. दुपारभर पत्र्यावर पाऊस कोसळतोय, आणि या दोघी पिशव्यांना इस्त्री करतायत. शेजारच्या बायका येऊन बघून जायच्या. रिक्षावाल्याच्या स्वतःच्या शर्टाला मात्र इस्त्री नसायची, असं तोच सांगायचा, आणि ते सांगताना त्याला आपल्या बायकोचं कौतुक वाटायचं हेही कळायचं.

पण त्याच्या मनात दुसरं चाललं होतं. त्याचा भाऊ नालासोपाऱ्याला, तिथल्या एका गोदामात टेम्पो चालवायचं काम बघून ठेवलेलं. पगार बांधलेला. नवऱ्याला जायचं होतं, शुभावैनीला जायचं नव्हतं. तिला समुद्र सोडवत नव्हता आणि, ती बोलायची नाही पण, आतेही सोडवत नव्हती. बाजारातले पूजेच्या सामानाचे एक दुकानदार, ज्यांना सगळे बापूशेट म्हणायचे, त्यांनी गणपतीसाठी मोठ्या पिशव्या सांगितल्या होत्या. नारळ, सुपाऱ्या, कापूर, वस्त्रमाळा, सगळं एकत्र मावेल अशा. ‘हे नीट झालं तर वर्षभर तुमच्याच घेईन,’ असं ते म्हणाले होते. वर्षभराचं काम म्हणजे नवऱ्याच्या तोंडावर मारायला उत्तर. ‘गणपतीपर्यंत बघू,’ एवढं त्याने कबूल केलं. तेव्हा शुभावैनी राहणार की जाणार, हे त्या पिशव्यांवर आलं. आते एकाच पिशवीवर पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवायची, ती त्यामुळे.

तेरडा फुलला. रस्त्याकडेच्या जांभ्या दगडाच्या गडग्यांवर गुलाबी रंग चढला. आणि आमची रद्दी संपली. उन्हाळ्यातला साठा वापरून झाला, खालच्या गठ्ठ्यांना ओल लागून बुरशी आली. कोरा खाकी कागद आणावा म्हटलं तर घाटात दरड कोसळलेली, कोल्हापूरचा माल अडकलेला. उरले ते रोजचे, नवे, कोरडे पेपर. आजूबाजूच्या सगळ्या घरांतून ते आले. माझ्या कचेरीतून आले. गठ्ठा चांगला कमरेएवढा झाला. दोघींनी आनंदाने सोडला.

आणि पानोपानी देव.

श्रावणातल्या सोमवारांचा शंकर. नागपंचमीचा नाग. पाळण्यातला कृष्ण. आणि मग गणपती, गणपती, गणपती. फ्रिजच्या शेजारी गणपती, फ्लॅटच्या किल्ल्या हातात घेतलेला गणपती, स्कूटरवर बसलेला गणपती, पुढाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवलेला गणपती. एका पानावर तर नुसत्या डाळींचा. क्रीडा पान तेवढं शाबूत सापडायचं, आणि त्याच्या मागच्या बाजूला गणपती. आतेने चष्मा पुसून पुन्हा पुन्हा बघितलं. चित्र कापून काढावं तर पानाला भोक, उरलेल्या तुकड्यांतून कापराच्या वड्या मावतील एवढीच पुडी. मोठ्या पिशवीला अख्खं पान लागायचं. पलीकडच्या डॉक्टरांकडचे इंग्रजी पेपर आणले, त्यात देव कमी होते, पण पेपरही कमीच होते. ज्या सणासाठी पिशव्या हव्या होत्या, त्या सणानेच कागद अडवून ठेवला होता. शुभावैनीचा गठ्ठा वाढत वाढत पाटावरून खाली उतरला.

बापूशेटना ती विचारायला गेली. ते म्हणाले, ‘अहो वैनी, घडीच्या आत गेल्यावर कोन बघतंय? घाला बिनधास्त.’ ती परत आली, बसली, एक पान उचललं, कात्री लावली. गणपतीच्या सोंडेपर्यंत आली आणि थांबली. ‘नाय होनार गो माझ्याच्यान,’ म्हणाली.

मी त्या दिवशी घरी होते. कसलीशी सुट्टी होती. दुपारची वेळ, पावसाने जरा उघडीप दिलेली, पागोळ्या तेवढ्या गळत होत्या.  मग शुभावैनी खाली बघत म्हणाली,

‘आते, तुमी कापा की.’

आतेने मान वर केली.

‘तुमच्यात देव मानीत नायत. तुमाला काय होनार नाय. मी चिकटवतंय, तुमी कापा.’

 बोलणं सरळ होतं, त्यात वाकडं काही नव्हतं, तरी असली वाक्यं कुठून कुठे जातील सांगता येत नाही. पण आते हसली. ‘खराच की,’ म्हणाली. ‘माझ्या ध्यानातच नाय आलं.’ तिने कात्री घेतली. वरचं पान ओढलं, मांडीवर पसरलं. सोन्याच्या दुकानाचा गणपती होता, मोठा देखणा. शुभावैनीने तोंड भिंतीकडे फिरवलं. आतेने कात्री उघडली आणि तशीच धरून बसली.

‘काय झालं?’ मी विचारलं.

‘हा माझा नाय,’ आते म्हणाली, ‘पण तिचा हाय ना गो. ती हितं बसलेली असताना कसा कापू?’

‘मी बाहेर जातंय मगे,’ शुभावैनी म्हणाली आणि खरंच उठली. पडवीत जाऊन आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. पागोळीखाली हात धरला. आतेने पुन्हा कात्री उघडली. मला वाटलं, आता कापेल. मला मनातून वाटत होतं, की कापावं. एक कागद तो, शाई ती, आणि पलीकडे एका बाईचं घर हलणार होतं. आतेलाही हे माझ्याइतकंच कळत होतं. तिने एकदा पाटाकडे बघितलं. तिथे एप्रिलची निळ्या पट्ट्यांची पानं अजून तशीच, कडा जुळवून ठेवलेली होती.

‘शुभा,’ तिने हाक मारली, ‘ये आत. चाय टाक वाईच.’

चहा झाला. आतेने कात्री परत आत नेऊन ठेवली.

पिशव्या कमी पडल्या. अर्ध्याही झाल्या नसतील. बापूशेटनी झाल्या तेवढ्या घेतल्या, वाकडा शब्द बोलले नाहीत. पण गिऱ्हाइकांची झुंबड उडाली तेव्हा त्यांनी गल्ल्याखालून पातळ प्लास्टिकच्या पिशव्या काढल्या. त्या तिथे होत्याच, बंदीच्या दिवसापासून होत्या. मी नारळ आणायला गेले होते तेव्हा बघितलं. फुंकर मारून पिशवी उघडायची, नारळ टाकायचा, चालू पडायचं. किती सोपं! त्यांच्या जागी मी असते तर वेगळं काय केलं असतं, कोण जाणे. वर्षभराच्या कामाचं बोलणं त्यांनी पुन्हा काढलं नाही.

गणपती गेले आणि शुभावैनीचं घर हललं. स्टेशनवर आम्ही दोघी पोचवायला गेलो. सामान भरताना तिचा तो वाऱ्यावरचा आवाज अगदी खाली आला होता. तिचा गणपती सासरच्या गावी असायचा, त्यामुळे पानांचा गठ्ठा मांडवीला सोडायचं तिने आतेवर सोपवलं होतं. पण विसर्जनाला आते तापाने पडून होती. ‘नंतर सोडतंय,’ आते म्हणाली. ‘सोडा निवांत,’ ती म्हणाली. गाडी हलल्यावर आते प्लॅटफॉर्मवर बराच वेळ उभी राहिली, आणि रिक्षात बसल्यावर म्हणाली, ‘कापायला हवं होतं काय गो बाय मी?’

मी म्हटलं, ‘नाही आते.’ तेव्हा ते तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं. अजूनही मला नक्की उत्तर माहीत नाही. हा प्रश्न ती पुढे मधूनमधून विचारायची. भाजी निवडताना, पेपर वाचताना. एवढ्या दणकट बाईला ही एकच गोष्ट आतून कुरतडत राहिली, याचं मला फार वाईट वाटतं. आणि शुभावैनीचंही वाईट वाटतं. तिथे ती रोज गोदामाच्या भोंग्यावर उठते, समुद्र कुठल्या दिशेला आहे ते सांगता येत नाही म्हणते. दोघींनी एकमेकींचा मान राखला आणि दोघी एकमेकींना मुकल्या. 

पानांचा गठ्ठा आतेने पाण्यात सोडलाच नाही. ‘तिचा हाय, ती आली की सोडील,’ म्हणायची. ट्रंकेत तिने आपल्या पानांशेजारी शुभावैनीची पानं ठेवली, मध्ये जुन्या साडीचा तुकडा. शुभावैनी काही आली नाही. रजा मिळत नव्हती, मग तिकडे झालेल्या मुलाची शाळा, मग आणखी काही. आणि मग आतेच गेली.

आता बाजारात कागदी पिशव्या पुष्कळ मिळतात. जाड, गुळगुळीत, सुतळीचे बंद असलेल्या, वर हिरव्या पानाचं चित्र. आत वस्तू असते ती प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. भाजीवाले आता ‘पिशवी आणलीत काय’ असं विचारत नाहीत. मीही विसरून जाते कधीकधी. पदरात कैऱ्या घेणाऱ्या त्या बायका कुठे गेल्या असतील, असं वाटतं. आणि मग आठवतं, त्यांच्यात मीही होते.

मागच्या वर्षी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवीवर फिरायला गेले होते. काळ्या वाळूत नेहमीचा पसारा. दूर्वा, हार, आणि भरतीच्या रेषेला अडकलेल्या पिशव्या. एक पायाशी आली. प्लास्टिकची, चांगली जाड. तिच्यावर गणपती छापलेला होता, आणि खाली कुणाच्या तरी हार्दिक शुभेच्छा. लाटेने त्याचे कान तेवढे पुसले होते. मी ओलांडून पुढे गेले. चार पावलांवर थांबले, मागे आले, उचलली. वाळू झटकली. कचऱ्याच्या पेटीपर्यंत नेली आणि तिथेही हात पुढे होईना. शेवटी पर्समध्ये घालून घरी आणली, नळाखाली धुतली, दोरीवर वाळत घातली आणि ट्रंक उघडून शुभावैनीच्या गठ्ठ्यावर ठेवली.

काल तिचा फोन आला. आवाज पुन्हा जुना. ‘ताई, यंदा येतंय. गावाला जाताना रत्नांगिरीला उतरतंय तुमच्याकडं.’ आणि मग, ‘माझी पानं हायत काय अजून?’

‘आहेत,’ मी म्हटलं. ‘आतेने ठेवलीन.’

 तिने डोळे पुसले असावेत, कारण नंतर आवाज बदलला. ‘आपन दोघी जाऊन सोडू,’ म्हणाली.

आज मी गठ्ठा काढून ठेवलाय. सकाळचं पान त्यात घातलंय. कागद पिवळा पडलाय, घड्यांवर तुटायला लागलाय. पाण्यात सोडला की लगेच विरघळेल, त्याची काळजी नाही. त्या पिशवीचं मात्र काय करायचं? ती कापता येत नाही, टाकता येत नाही, आणि सोडली तर विरघळणार नाही. आते असती तर तिला विचारलं असतं. तिनेही कात्री हातात घेऊन, पडवीकडे बघत, शुभाला चहा टाकायला आत हाक मारली असती.